उन्हाला टाकलेली घरं

आमची घरं तुम्ही पाडलीत. तापानं पाडली नाहीत, वाऱ्यानं पाडली नाहीत. तुम्ही पाडलीत, दिवसाढवळ्या, यंत्र लावून, आणि वर त्याला मदत म्हणालात. ‘पडीक जागा मोकळी केली’ हे तुमचे शब्द. पडीक म्हणजे काय हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक होतं. आता नाही.

सुरुवातीपासून सांगते, कारण तुमच्यातलं कोणीच अजून सुरुवातीपासून ऐकायला बसलेलं नाही.

मी खाली शहरात, दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला आहे. आमची माणसं वर, डोंगराच्या खांद्यावर राहतात. तुमचा रस्ता झाला त्याच्या आधीपासून, तुमचं शहर झालं त्याच्याही आधीपासून. आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची पोरं, मामा, आणि बाकीची घरं, सगळी कुठल्या ना कुठल्या बाजूनं आमचीच. मी लग्न होऊन खाली आले. नवरा गेला, पण हाताला काम होतं म्हणून राहिले. आई म्हणायची, ही लोकांच्या चादरी धुते आणि स्वतःचं अंथरूण डोंगरावर ठेवून आलीय.

साथ आली की आमच्याकडे पळापळ होत नाही. आमच्याकडे घर उन्हाला टाकतात. आधी चूल विझवून राख लांब नेऊन ओतायची. भांडी घासून अंगणात पालथी घालायची. मग आढ्यावरचं गवत दोन्ही बाजूंना सारायचं, म्हणजे सूर्य डोक्यावर आला की ऊन सरळ जमिनीवर पडतं. सगळ्यात शेवटी दार काढायचं. आमच्या दारांना बिजागरी नसते. फळीलाच वर आणि खाली एकेक टोक असतं, ते चौकटीच्या भोकात फिरतं. जरा उचलून तिरकं केलं की अख्खं दार हातात. ते डोक्यावर घ्यायचं आणि निघायचं. प्रत्येक घरानं वेगळ्या दिशेला, एकाची हाक दुसऱ्याला ऐकू जाणार नाही इतकं लांब. रानात तेच दार दगडांवर टेकवलं की खाट होते, उभं केलं की वाऱ्याला आडोसा. आणि दार आपल्याजवळ आहे म्हणजे घर आपलं आहे. बिनदाराच्या घरात आमच्यातलं कोणी पाऊल टाकत नाही. चोरसुद्धा नाही. त्याला विचाराल तर म्हणेल, तिथे आता ऊन राहायला आलंय, मी मध्ये कुठे शिरू?

हे माझ्या आजीच्या आजीनं केलं, तिच्या आजीनं केलं. म्हणून आम्ही आहोत.

ह्या वेळचा ताप शहरात पोचला तेव्हा आई ओढ्यापर्यंत खाली आली. ती पलीकडे, मी अलीकडे. मी तोंडाला मास्क लावलेला. तिनं माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, तुझं तोंड बांधलेलं पहिल्यांदाच बघतेय, बरं वाटलं. मग कामाचं बोलली. मी वर यायचं नाही, कारण मी त्या चादरींत हात घालते. ते खाली येणार नाहीत. मामा रानात ज्या खडकावर बसणार होता, तिथून दवाखान्याची गच्ची दिसते. ताप पुरता ओसरला की मी गच्चीच्या दोरीवर माझं लाल ब्लँकेट टाकायचं. ते दिसलं की सगळे परत येतील. दिसलं नाही तर येणार नाहीत, मग काहीही होवो.

“काहीही म्हणजे काय?” मी विचारलं.

“काहीही म्हणजे काहीही,” आई म्हणाली. “तुझ्या डोळ्यांनी आम्ही बघणार. नीट बघ.”

आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी गच्चीवरून मला वस्ती दिसली. सगळ्या छपरांच्या मधोमध एकेक काळी फट. घरं उन्हाला टाकलेली होती.

त्यानंतरच्या दिवसांचं तुम्हाला काय सांगू? तुम्ही तेव्हा घरात होतात, आणि त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावत नाही. आमच्याकडे गाठोडी यायची. तापाच्या वॉर्डातल्या गाठोड्यांना दुहेरी गाठ. ती आधी उकळत्या पाण्यात टाकायची आणि मगच सोडायची, असा नियम. उकळल्यावर चादरींतून वस्तू निघायच्या. कंगवा. चष्म्याची काडी. एकदा एक कवळी निघाली, कोणाचं तरी अख्खं हसू. लाँड्रीच्या मुख्य बाई, ज्यांना आम्ही सगळ्या मावशी म्हणतो, त्यांनी ती धुऊन खिडकीत ठेवली. कोणी विचारायला आलं नाही. ताप असेल असं वाटणाऱ्यांना तुम्ही शाळेच्या हॉलमध्ये एकत्र ठेवत होतात. मावशींचा धाकटा दीर तिथे चालत गेला होता, नुसता तपासून घ्यायला. तो परत आला नाही, त्याची चादर आली, ती मावशींनीच धुतली. तिच्या कोपऱ्यावर त्यानं पेनानं काढलेला मासा होता, तो कुठेही मासे काढायचा. मावशी त्या दिवशी घरी गेल्या नाहीत. काम करत राहिल्या. मला म्हणाल्या, बघतेस काय, पिळ.

मग तुमचा माणूस आला. मदत अधिकारी. आम्ही त्यांना होहो साहेब म्हणतो, कारण ते प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही. ते लाँड्रीच्या दाराबाहेर लांब उभे राहिले आणि डोंगरावरची भाषा येणारी बाई कोण, असं विचारलं. मी ओल्या हातांनी बाहेर गेले. त्यांनी दुरूनच फोन पुढे केला. आमच्या वस्तीचे फोटो होते.

मी काय सांगू, मला आनंद झाला. आमचं घर दिसलं. आईनं आढ्यावरचं गवत इतकं सारखं सारलं होतं की भांग पाडल्यासारखं. भांडी ओळीनं पालथी. आत जमिनीवर उन्हाचा लांब पट्टा. मी हसले असणार, कारण साहेब दचकले.

“किती गेले?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

त्यांना वाटलं होतं, सगळे मेले. दारं नाहीत, छपरं फाटलेली, भांडी टाकून दिलेली, चिटपाखरू नाही. मी सांगितलं, कोणी गेलेलं नाही. मग सगळं सांगितलं. चूल, आढं, दार, मामाचा खडक, सगळं. ते हो हो म्हणत राहिले. शेवटी म्हणाले की फार छान, फार मोलाची माहिती आहे, जतन करायला हवी. आणि त्याच दमात म्हणाले की त्या पडीक जागेवर आदिवासी आधार केंद्र मंजूर झालंय, साथीतून सावरायला मदत म्हणून, आणि यंत्र निघालंय.

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कोणत्या पडीक जागेवर? त्यांनी परत फोन पुढे केला. तोच फोटो. आईनं पाडलेला भांग.

मावशी आतून आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनीच विचारलं की साहेब, आत्ता ह्या बाईनं तुम्हाला घसा कोरडा करून काय सांगितलं?

साहेब म्हणाले, हो हो, ऐकलं ना. पण आपल्या ऐकण्यानं वर चालत नाही. “माणूस दिसल्याशिवाय माणूस आहे, हे मी वर कसं कळवू? तुम्ही त्यांना खाली आणा. शाळेच्या हॉलमध्ये ठेवू, तपासू, मोजू. मग घरं त्यांची. मी स्वतः काम थांबवतो.”

मी म्हटलं, ताप ओसरू द्या. तोवर थांबा. ते म्हणाले, थांबलं तर मंजुरी जाते. कोणाची मंजुरी, मी विचारलं. तुमच्याच माणसांच्या मदतीची, ते म्हणाले, आणि खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. तुमच्या माणसाला वाईट वाटत होतं, हे मी मान्य करते. त्याचं मी काय करू?

मी तुमच्या कचेरीतही आले होते. तुम्हाला आठवणार नाही. जिन्याशी दोरी बांधलेली होती, त्याच्यापुढे सोडत नव्हते. पहारेकरी भला माणूस, त्यानं वर जाऊन विचारलं आणि परत येऊन म्हणाला, मोठे साहेब म्हणतात होईल सगळं चांगलं. मी तिथे दोरीला धरून उभी राहिले. वरून कोणाचं तरी शिंकणं ऐकू आलं, आणि दार लावल्याचा आवाज. तुमच्या दारांना बिजागऱ्या आहेत. चांगल्या आहेत, कुरकुरत नाहीत.

तेव्हा माझ्या हातात एकच गोष्ट उरली, ते लाल ब्लँकेट.

ते मी पिशवीत घालून गच्चीवर नेलं. दुपार होती, दोऱ्यांवर चादरी इतक्या दाट की वाकून जावं लागत होतं. मावशी टोपली घेऊन मागे आल्या. डोंगराच्या वाटेवर पिवळं यंत्र चढत होतं, अगदी खेळण्याएवढं, पण त्याचा आवाज गच्चीपर्यंत येत होता. मी ब्लँकेट पिशवीतून काढलं. दोरीवरच्या दोन चादरी सारून जागा केली. एवढंच करायचं होतं. ब्लँकेट दोरीवर टाकायचं, चिमटा लावायचा. मामा बघेल, रानात निरोप फिरेल, संध्याकाळच्या आत सगळे खाली असतील. डोक्यावर दारं घेऊन, पोरं पुढे, आई मागे. घरं वाचतील.

मग तुम्ही त्यांना हॉलमध्ये नेणार.

“टाक की,” मावशी म्हणाल्या. “कसली वाट बघतेस? घर गेलं तर कुठे राहतील?”

“आणि हॉलमध्ये?”

मावशींनी टोपली खाली ठेवली. त्या दिवशीच्या हॉलच्या चादरी त्याच टोपलीत होत्या. त्यांनी वरची एक उचलली, झटकली, दोरीवर घातली, दुसरी उचलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मासा काढणारा कोणी आहे का गं तुमच्यात?”

भावाचा मोठा पोरगा भिंतीवर कोळशानं बैल काढतो. मी ते सांगितलं नाही.

आईनं सांगितलं होतं, नीट बघ. मी नीट बघितलं. खाली दवाखान्याच्या फाटकात गाड्या उभ्या होत्या, एकीच्या मागे एक. वर यंत्र वळणापाशी पोचलं. मी ब्लँकेटची घडी घातली. नीट घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, लाँड्रीत घालतो तशी. पिशवीत ठेवलं आणि कठड्याला धरून उभी राहिले. धूळ उठली तेव्हा मावशींनी माझं तोंड आपल्याकडे वळवलं. पण आवाज कुठे वळवता येतो?

त्या दिवशी मी दोन गोष्टींतली एक निवडली, असं लोक म्हणतात. मी काही निवडलं नाही. तुम्ही मला माझंच ब्लँकेट हातात घेऊन उभं केलंत आणि म्हणालात, घर मार नाहीतर माणसं मार. त्याला निवडणं म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात, ते तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा.

ताप ओसरायला बराच काळ गेला. मग एका सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः लाँड्रीत आल्या आणि म्हणाल्या, वॉर्ड बंद केला. दुहेरी गाठीचं गाठोडं आलं नाही. मी गच्चीवर गेले आणि ब्लँकेट टाकलं. चिमटा दोनदा निसटला. मग चप्पल घालून डोंगर चढायला लागले. वाटेत त्यांना गाठायचं होतं, जागेवर पोचायच्या आधी सांगायचं होतं. पण ते वरच्या अंगानं उतरणार होते, आणि त्यांची नेमकी वाट मला माहीत नव्हती.

ताप ओसरल्याचं तुम्हालाही त्याच दिवशी कळलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही वर फीत बांधून हजर होतात. खुर्च्या होत्या, फोटोवाला होता, हातपुसण्याच्या कागदांचे खोके होते. आणि जिथे आमची घरं होती तिथे पत्र्याची एक लांबलचक शेड. एका टोकाला शटर. बाहेर फलक, त्यावर डोंगरातल्या कुठल्याशा हसऱ्या बाईचं चित्र. आमची नव्हती ती.

ताप लांबला तशी आमची माणसं रानात आणखी लांब गेली होती, म्हणून आदल्या संध्याकाळी कोणी पोचलं नव्हतं. मी रात्रभर शेडच्या मागे बसले होते. आधी मामा दिसला. मग झाडांतून एकामागून एक सगळे बाहेर आले. डोक्यावर दारं. प्रत्येकाच्या डोक्यावर आपापल्या घराचं दार, उन्हात नवीन लाकडासारखं चमकणारं. पोरं पुढे धावत होती, धावता धावता थांबली. पोरांना आधी कळलं. मग मोठी माणसं थांबली. सगळे उभे राहिले, डोक्यावर दारं तशीच, आणि समोर त्यांना लावायला एक चौकट नव्हती.



होहो साहेब टाळ्या वाजवत पुढे आले. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, आमची माणसं केंद्राला भेटवस्तू घेऊन आली आहेत. भावाच्या दारावर त्यांनी हात फिरवला, कोरीव बैल बघितले आणि फोटोवाल्याला म्हणाले, “काय हस्तकला आहे! ही सगळी केंद्राच्या भिंतीवर लावू.”

भावानं माझ्याकडे बघितलं. साहेब काय म्हणाले ते त्याला कळून घ्यायचं होतं. मी तेवढं सोडून सगळं सांगितलं. यंत्र, फोटो, हॉल, गच्ची. तो ऐकत राहिला. मग म्हणाला की यंत्राचा आवाज त्यानं ऐकला होता. तो निघालाही होता. आईनं अडवलं. “म्हणाली, ब्लँकेट दिसलं नाही, म्हणजे जायचं नाही. पोरगी बघतेय.” मग मला म्हणाला, “तू बघत होतीस.”

“हो.”

“मी एकटा आलो असतो. एकट्याला काय होणार होतं? तू माझं घर माझ्या वतीनं देऊन टाकलंस.”

मी म्हटलं नाही की एकट्यानं आलेला एकटा परत जात नाही, घरच्यांना ताप घेऊन जातो. मी म्हटलं नाही की मावशींचा दीरही एकटाच गेला होता. भावाच्या मागे त्याची पोरं उभी होती, धुळीनं भरलेली, धडधाकट, नाकातून शेंबूड गळणारी. ती दिसत असताना मी आणखी काय बोलू? तो अजून माझ्याशी बोलत नाही. वहिनी बोलते, पण तो तिथे नसताना.

आई सगळ्यात मागून आली. तिचं दार मामानं धरलं होतं. ती शेडकडे बघून झाली, मग तिनं मान फिरवून आपली माणसं बघितली. एकेकाकडे, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत. शहरात असा एक बोळ नाही जिथून कोणी गेलं नाही. आमच्यातलं कोणी गेलेलं नव्हतं.

“सगळे आहेत,” आई म्हणाली. मला म्हणाली. आणि माझ्या गालावर हात ठेवला, तो हात जड होता, त्यात माफी होती की मार होता हे मला अजून उमगलेलं नाही. मग तिनं दार खाली ठेवायला लावलं, शेडच्या दारात, फितीच्या अलीकडे, जमिनीवर आडवं. आणि त्यावर बसली.

“त्याला विचार,” ती म्हणाली, “हे कुठे लावू?”

मी विचारलं. साहेब म्हणाले, हो हो, बघू.

तेव्हापासून तुम्ही बघताय. आमची माणसं शेडमध्ये निजतात, एका ओळीत, एकाच्या उशाशी दुसऱ्याचे पाय. पत्रा दुपारी तापतो आणि पहाटे रडतो. तुम्ही गाद्या दिल्यात, साबण दिलात, ताणतणावावर बोलायला एक पोरगी पाठवलीत, ती आमच्यापेक्षा जास्त रडली. गाद्या चांगल्या आहेत. मी नाही म्हणत नाही. पण आई आत जात नाही. ती दारावर बसते, दारावर निजते, उघड्यावर. थंडी वाढतेय. परवा मी तिच्या पाठीला हात लावला तर आतून शिट्टीसारखा आवाज येत होता. चल माझ्याकडे खाली, म्हटलं, तर म्हणाली, तुझ्या घराला दार आहे ना, मग ते तुझं.

मला झोप लागत नाही ती ह्या आवाजानं नाही. परत ताप आला तर, हा प्रश्न मला झोपू देत नाही. येणार नाही असं तुमच्यातला कोणी छातीवर हात ठेवून सांगेल का? तेव्हा आम्ही काय उन्हाला टाकायचं? तुमची शेड? तिचा पत्रा मधोमध सारता येतो का? शटर डोक्यावर घेऊन रानात जाता येतं का? आम्हाला जगवणारी एकच रीत आमच्याजवळ होती, तिला चार भिंती आणि एक निघणारं दार लागत होतं. त्या भिंतींवर तुम्ही मदत उभी केलीत.

पुढच्या साथीत आमच्यातली माणसं जातील. ती गाठोडी माझ्याकडे येतील. दुहेरी गाठीची.

मला तुमची गादी नको, तुमचं वाईट वाटणं नको, तुमचं हो हो तर मुळीच नको. जागा आमची, आम्हाला परत द्या आणि घरं बांधू द्या. माझी आई आत्ता, ह्या घडीला, तुमच्या शटरसमोर दारावर बसली आहे आणि तिच्या छातीत शिट्टी वाजते आहे. तिनं विचारलेलं मी परत विचारते, आणि ह्या वेळी जिन्याशी दोरी बांधू नका, खाली या, माझ्या समोर उभे राहा आणि तोंडानं सांगा:

हे दार आम्ही कुठे लावायचं?